‘प्रेझ यू’ : उसना आवाज आणि आठशे डॉलरचा व्हिडिओ

जानेवारी १९९९ मध्ये ब्रिटनच्या सिंगल्स यादीत फॅटबॉय स्लिम (म्हणजे ब्रिटिश डीजे नॉर्मन कुक) यांचे ‘प्रेझ यू’ हे गाणे एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होते. त्यातला गायलेला मजकूर या गाण्यासाठी गायलाच गेला नव्हता. आवाज १९७५ सालच्या एका रेकॉर्डवरचा, पियानो १९७३ साली स्पीकर कंपनीने काढलेल्या चाचणी-रेकॉर्डवरचा, आणि वरून डिस्ने कंपनीच्या डिस्को रेकॉर्डवरचा गिटारचा तुकडा. हे सगळे ब्रायटनमधल्या घरच्या स्टुडिओत एका माणसाने जोडले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये एका सिनेमागृहाच्या दारात परवानगी न घेता याचा व्हिडिओ चित्रित झाला. खर्च सुमारे ८०० डॉलर. त्याला एमटीव्हीचे तीन पुरस्कार मिळाले.

हे प्रकरण सहसा ‘कमी पैशांत मोठे काम’ म्हणून सांगितले जाते. तो हिशेब अर्धवट आहे. गाण्यात आणि व्हिडिओत एकच शहाणपण वापरलेले दिसते: सापडलेली वस्तू चांगली असेल तर तिला कमीत कमी हात लावायचा. पण हात कमी लावला की मूळ मालकाची वस्तू जास्त ओळखू येते आणि कागदपत्रांचा खर्च वाढतो. म्हणून या प्रकरणात स्टुडिओ आणि वकील यांना वेगळे काढता येत नाही.

कच्चा माल

कमील यारब्रो या शिकागोत जन्मलेल्या कृष्णवर्णीय कलावंत. नर्तिका, अभिनेत्री, लेखिका, गायिका. कॅथरीन डनहॅम यांच्या नृत्यसंघात त्यांनी काम केले होते. १९७५ साली व्हॅनगार्ड कंपनीने त्यांचा ‘द आयर्न पॉट कुकर’ हा अल्बम काढला. त्यातल्या ‘टेक यो प्रेझ’ या गाण्याच्या अगदी सुरुवातीला त्यांचा आवाज जवळजवळ एकटाच आहे. आपण सोबतीने लांबचा पल्ला गाठला, बरेवाईट दिवस पाहिले, आता तुझे कौतुक करायलाच हवे, अशा अर्थाच्या चार ओळी. मूळ गाण्यात त्या एका जोडीदाराला उद्देशून आहेत. तिथून उचलून नाचाच्या हॉलमध्ये हजार माणसांसमोर ठेवल्या की त्या चर्चमधल्या प्रार्थनेसारख्या वाटतात. अर्थातला हा बदल शब्द न बदलता झालेला आहे, आणि निर्मात्याचे श्रेय मुख्यतः या निवडीला आहे.

आवाज एकटा असणे इतके महत्त्वाचे का? माणसाच्या आवाजाचा मुख्य भाग साधारण २०० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असतो. स्नेअर ड्रम, गिटार, पियानो यांचीही तिथेच गर्दी असते. मागे ठेका वाजत असेल तर इक्वलायझरने, म्हणजे ठराविक पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, तो काढता येत नाही. आवाजही सोबत जातो. शिवाय गाण्याची लय बदलली की मागचा ठेकाही नव्या लयीत ओढला जातो आणि नव्या ड्रमशी भांडतो. आज आवाज वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत. ती ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखे वर्ण अनेकदा खातात आणि लांब स्वराला पाण्याखालून आल्यासारखी खरखर लावतात. अनेक वाद्यांच्या गर्दीच्या मिक्समध्ये (एकत्र केलेल्या ध्वनीत) ते खपून जाते. उघड्या आवाजावर उभ्या असलेल्या गाण्यात खपत नाही. म्हणून जुनी सवय आजही कामाची आहे: रेकॉर्ड ऐकताना पहिले दहा सेकंद, शेवटचे दहा सेकंद आणि मधला तो क्षण जिथे वादक थांबतात, एवढे आधी तपासायचे.

पियानोची गोष्ट याहून मजेदार आहे. जेबीएल या स्पीकर कंपनीच्या ‘सेशन्स’ या चाचणी-रेकॉर्डमागे संगीत विकण्याचा हेतू नव्हता. ध्वनियंत्रणेची ताकद दाखवायची होती. त्यातल्या ‘बॅलन्स अँड रिहर्सल’ या भागात स्टुडिओतली पूर्वतयारीच ऐकायला मिळते: वादक जुळवून घेताहेत, वाद्यांची पातळी लावली जातेय. अशा ठिकाणी वाद्ये सुटी सापडतात, आणि खोलीचा आवाजही सोबत येतो. ‘प्रेझ यू’ सुरू होताना पियानोमागे माणसांची जी कुजबुज आहे, तिने पहिल्या काही सेकंदांतच कुठल्यातरी तालमीच्या खोलीत गेल्याचा भास होतो. दुसऱ्या कोणी ती साफ करून टाकली असती.

उरलेले तुकडे, म्हणजे ‘मिकी माऊस डिस्को’मधला गिटार किंवा ‘फॅट अल्बर्ट’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या शीर्षकसंगीतातला अंश, हे फोडणीचे पदार्थ आहेत. ते काढले तर गाणे पातळ होईल, पण ओळखू येईल. आवाज किंवा पियानो काढला तर गाणेच उरत नाही. परवानग्यांची आखणी करताना हाच भेद आधी मांडावा लागतो. कोणत्या तुकड्याशिवाय काम अडते, आणि कोणता नकार आल्यास दुसरा वाजवून घेता येईल?

जोडणी

नॉर्मन कुक, म्हणजेच फॅटबॉय स्लिम, त्या काळात अटारी एसटी संगणकावर ‘क्रिएटर’ हे सिक्वेन्सर (कोणता आवाज कधी वाजायचा ते ठरवणारे सॉफ्टवेअर) चालवत आणि आवाजासाठी अकाई एस९५० सॅम्पलर वापरत, म्हणजे रेकॉर्डवरचा तुकडा (सॅम्पल) साठवून कळ दाबताच वाजवणारे यंत्र. अटारीला मिडीचे, म्हणजे वाद्ये आणि संगणक जोडण्याचे, सॉकेट मुळातच असतात, म्हणून युरोपातल्या अनेक घरगुती स्टुडिओंत तो दिसे. एस९५० हे बारा बिटचे यंत्र. मूळ स्मृती ७५० किलोबाइट, वाढवून २.२५ मेगाबाइट. ४८ किलोहर्ट्झवर नोंद केली तर मूळ स्मृतीत एकाच चॅनेलचा दहा-अकरा सेकंदांचा आवाज मावतो.

आता हिशेब बघा. ‘प्रेझ यू’ची लय मिनिटाला सुमारे ११० ठोके. एक ठोका ०.५४५ सेकंदाचा, चार ठोक्यांचे आवर्तन २.१८ सेकंदांचे, आणि चार आवर्तने ८.७३ सेकंदांची. म्हणजे चार आवर्तनांची एक सलग ओळ घेतली की मूळ स्मृती जवळजवळ संपली. दोनच वाटा राहतात. एक तर सॅम्पलिंगचा दर अर्धा करायचा. मग १२ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे जाते आणि आवाज जाड, जरा मळकट होतो. नाहीतर ओळीचे तुकडे करायचे आणि मधली शांतता साठवायचीच नाही. दुसरी वाट काटकसरीची आहे आणि संगीताच्या दृष्टीने बरीही, कारण एकट्याने गाणारा माणूस मेट्रोनोमला, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राला, बांधलेला नसतो. तो श्वास घेतो, एखाद्या शब्दावर रेंगाळतो. अख्खी ओळ एकदाच वाजवली तर पहिला शब्द समेवर आणि चौथा सम सोडून कुठेतरी पडतो. तुकडे करून प्रत्येकाला वेगळी कळ दिली की प्रत्येक शब्द आपापल्या जागी बसवता येतो.

नवखे लोक इथेच फसतात. तुकड्याची सुरुवात ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषांवर, बरोबर ठेवतात, तरी गाणे मागे ओढल्यासारखे वाटते. कारण कानाला शब्दाचा ठोका व्यंजनावर ऐकू येत नाही, स्वर उघडतो तिथे ऐकू येतो. ‘प्रेझ’सारख्या शब्दात ‘प्र’ला आधी काही जागा लागते, साधारण ५० ते १०० मिलिसेकंद. तेवढा तुकडा समेच्या आधी सुरू करायचा, म्हणजे ‘ए’ नेमका समेवर उघडतो. जुन्या सिक्वेन्सरवर हे ट्रॅकला ऋण विलंब देऊन करत. आज माऊसने तुकडा डावीकडे सरकवला की काम होते. दिसायला तुकडा ग्रिडबाहेर आणि ऐकायला बरोबर, अशी स्थिती हवी.

दुसरी अडचण पट्टीची. साध्या सॅम्पलरमध्ये वेग आणि पट्टी जोडलेली असतात. वेग ५.९५ टक्के वाढला की पट्टी एक अर्धस्वर चढते. १०४ ठोक्यांचा तुकडा ११० वर नेला तर तो जवळपास एक अर्धस्वर चढेल आणि दुसऱ्या वाद्याशी जुळण्याची शक्यता राहील. १०० चा तुकडा ११० वर नेला तर १.६५ अर्धस्वर चढतो, म्हणजे तो कुठल्याच पट्टीत बसत नाही. त्यात जुन्या टेप मशीनचा वेग थोडा इकडेतिकडे असे, म्हणून १९७० च्या दशकातली रेकॉर्ड ४४० हर्ट्झच्या ‘ध’वर नेमकी बसेलच असे नाही. आवाज एका रेकॉर्डवरचा आणि पियानो दुसऱ्या, तर वीस-तीस सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) तफावत सहज निघते. मग कोणाला हलवायचे? आवाजाला नाही. माणसाचा आवाज दोन अर्धस्वरांहून जास्त चढवला की कार्टूनमधल्या चिपमंक खारीसारखा चिरका होतो, उतरवला की पेंगुळतो. पियानोला मात्र पाव-अर्धा अर्धस्वर वरखाली केलेले फारसे कळत नाही. म्हणून आवाज आधी लावायचा, गाण्याची लय त्याच्या सोयीने ठरवायची, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचे.

एस९५० मध्ये पट्टी न बदलता लांबी वाढवण्याची सोयही होती, पण ओबडधोबड. यंत्र आवाजाचे बारीक काप करून ते पुन्हापुन्हा वाजवते. लांब स्वरावर त्यातून धातूसारखी थरथर येते, व्यंजनावर ते चक्क अडखळते. पहिल्या भागाच्या अखेरीस शेवटचा शब्द अडकून लांबत जातो आणि मग ड्रम कोसळतात, तो क्षण आठवा. लपवण्याजोगी गोष्ट उघड्यावर मांडून तिचाच उत्कर्षबिंदू केला आहे. तोपर्यंत ऐकणाऱ्याला पियानोवर गाणारी एक बाई ऐकू येत असते. त्या अडखळण्याने कळते की मागे यंत्र आहे. ठेका त्यानंतर येतो, आधी नाही. अल्बमवर गाणे पाच मिनिटे तेवीस सेकंदांचे आहे, त्यामुळे या तयारीला वेळ मिळतो.

मिक्समध्ये दोन गोष्टी हमखास त्रास देतात. रेकॉर्डवरची टचटच एकदा ऐकली तर गोड वाटते. लूपमध्ये, म्हणजे फिरून फिरून वाजणाऱ्या तुकड्यात, आली की दर आवर्तनाला त्याच जागी पडते आणि नको असलेले वाद्य बनते. तो एक ठिपका हाताने काढावा, बाकीची खरखर राहू द्यावी. दुसरे, पियानोच्या तुकड्यात खाली त्याचा डावा हात किंवा खोलीची गुणगुण असते. नवा बेस आला की ५० ते १२० हर्ट्झमध्ये दोघांची मारामारी होते आणि हॉलमध्ये सगळे गढूळ वाटते. उसन्या तुकड्यांना १०० ते १५० हर्ट्झच्या खाली कापायचे आणि तळाची जागा एकट्या नव्या बेसला व किक ड्रमला द्यायची.

मालक किती?

एका तुकड्यामागे दोन हक्क असतात. रेकॉर्डिंगचा हक्क, म्हणजे मास्टर, बहुधा कंपनीकडे. रचनेचा हक्क, म्हणजे शब्द आणि चाल, लेखक-संगीतकारांकडे आणि त्यांच्या प्रकाशकांकडे. दोन्हीकडून होकार हवा. एकाने हो म्हटले आणि दुसरा गप्प बसला, तर काहीच मिळालेले नसते.

कुक यांना याचा अनुभव आधीच आला होता. १९९० साली बीट्स इंटरनॅशनल या नावाने केलेले त्यांचे ‘डब बी गुड टू मी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात ‘द क्लॅश’ या बँडची बेसची ओळ होती, आणि न विचारता घेतलेल्या तुकड्यांच्या वादात ते यश महागात पडले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्की याच्या प्रकरणात विनापरवाना सॅम्पलविरुद्ध कडक निकाल दिला. त्यानंतर मोठ्या कंपन्या परवानगीशिवाय रेकॉर्ड बाजारात आणायला धजेनात. ‘प्रेझ यू’वर लेखक म्हणून नॉर्मन कुक यांच्यासोबत कमील यारब्रो यांचे नाव आहे. ते उपकार म्हणून दिलेले श्रेय नाही. रचनेत वाटा आहे, म्हणजे रेडिओवर वाजले, जाहिरातीत गेले, कोणी पुन्हा गायले, तरी त्यांचा हिस्सा निघतो.

याच्या उलट उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. २००२ साली अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे ‘अॅडिक्टिव्ह’ गाजले. त्यात ‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’चा लतादीदींच्या आवाजातला मोठा भाग सरळ वापरला होता, संगीत बप्पी लाहिरींचे. परवानगी घेतलेली नव्हती. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि २००३ च्या सुरुवातीला लाहिरींचे नाव दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश निघाला. दोन्ही गाण्यांची युक्ती एकच: एका बाईचा जुना आवाज, नवा ठेका. एकीकडे नाव आधी लागले, दुसरीकडे गाणे लोकप्रिय झाल्यावर, न्यायाधीशाच्या सांगण्यावरून. गाणे चालल्यानंतर वाटाघाटीला बसलेला माणूस नेहमी कमजोर बाजूला असतो.

मास्टर मिळत नसेल तर भाग पुन्हा गाऊन घेता येतो. २००४ सालच्या एरिक प्रिड्झच्या ‘कॉल ऑन मी’साठी गायक स्टीव्ह विनवुड यांनी आपल्याच जुन्या गाण्याचे शब्द नव्याने गाऊन दिले. मग फक्त रचनेचा हक्क उरतो. ‘प्रेझ यू’ला ही वाट फारशी उपयोगी पडली नसती. तिथे विकत घेतली होती ती १९७५ च्या त्या खोलीतली हवा.

सिनेमागृहाच्या दारात

दिग्दर्शक स्पाइक जोन्झ कुक यांच्या आधीच्या ‘द रॉकाफेलर स्कँक’ या गाण्याच्या व्हिडिओसाठी मोकळे नव्हते. म्हणून त्यांनी त्या गाण्यावर स्वतः नाचून तो व्हिडिओ कुकना भेट म्हणून पाठवला. तो इतका आवडला की ‘प्रेझ यू’साठी तीच कल्पना वाढवली गेली. ‘टॉरन्स कम्युनिटी डान्स ग्रुप’ नावाचा हौशी नृत्यसंघ कल्पिला गेला, आणि त्याचा प्रमुख ‘रिचर्ड कूफी’ म्हणजे खुद्द जोन्झ. सहदिग्दर्शक रोमन कोपोला. जागा वेस्टवुडमधले फॉक्स ब्रुइन थिएटर. दाराशी सिनेमाला आलेली खरी माणसे, वर छताचे दिवे, जमिनीवर बूमबॉक्स, म्हणजे हातात नेता येणारा मोठा टेप-रेकॉर्डर.

८०० डॉलर गेले कुठे? बरेचसे नव्या बूमबॉक्सवर आणि मंडळींच्या खाण्यावर. प्रकाशयोजना थिएटरच्या दिव्यांची, कपडे साधे, प्रेक्षक फुकट. मात्र एक गोष्ट फुकट नव्हती: नाच. तो गबाळा दिसतो, पण विस्कळीत नाही. रांगा बदलतात, उचलणे आहे, सगळे एकाच मात्रेवर वळतात. वाईट नाचणाऱ्या माणसांनी हे केले असते तर दहा सेकंदांत कंटाळा आला असता. इथे चांगली बसवलेली रचना वाईट नाचणाऱ्यांच्या भूमिकेतून सादर होते. नृत्यदिग्दर्शनाच्या पुरस्कारात कूफीच्या सोबत मायकल रूनी या व्यावसायिक नृत्यदिग्दर्शकाचे नाव आहे, यातच सगळे आले.

मध्येच थिएटरचा एक कर्मचारी येऊन बूमबॉक्स बंद करतो. गाणे थांबते. कूफी त्याच्या अंगावर झेपावून त्याला मिठीच मारतो. परवानगी नसल्याने आलेली ही अडचण कापून टाकली असती तर उरला असता एक बरा विनोद. ती ठेवल्याने बघणाऱ्याला कळते की धोका खरा होता. बघ्यांच्या गर्दीत कुकही क्षणभर दिसतात.

अशा चित्रणात तांत्रिक घोटाळा कुठे होतो, तर ताळमेळात. बॅटरीवर चालणारे टेप-यंत्र ठरलेल्या वेगाने चालत नाही. एका टक्क्याचा फरक पडला तरी ११० च्या लयीत मिनिटभरात एक ठोका पुढेमागे होतो. म्हणून नाच तुकड्यांत न घेता सलग दोन-तीनदा घ्यावा, प्रत्येक वेळी सुरुवातीला एक जोरदार टाळी नोंदवावी, आणि संकलनात दर आठ आवर्तनांनी बघ्यांच्या चेहऱ्यांवर कट ठेवावा. तिथे पाऊल पुन्हा जुळवून घेता येते. आज फोनमधून गाणे वाजवले तर वेग हलत नाही, पण ब्लूटूथ स्पीकरचा १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर असतो. तार लावलेली बरी.

सप्टेंबर १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये एमटीव्हीचे पुरस्कार झाले. दिग्दर्शन, नृत्यदिग्दर्शन आणि ‘ब्रेकथ्रू’ असे तीन मिळाले. हा ‘संघ’ तिथे भूमिकेतच राहून नाचलाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये गाणे ३६ व्या क्रमांकापर्यंतच गेले. तिथे व्हिडिओ गाण्यापेक्षा मोठा ठरला.

इथे करायचे तर

पुण्या-मुंबईत बसून जुन्या मराठी रेकॉर्डवर असे काम करायचे असेल तर तारखांपासून सुरुवात करावी. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे, आणि शब्द-चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे. गदिमा आणि सुधीर फडके यांचे १९६० साली प्रकाशित झालेले गाणे धरा. त्याचे ध्वनिमुद्रण २०२० अखेर मोकळे झाले. पण गदिमांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि बाबूजींची चाल २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ‘रेकॉर्ड जुनी आहे, आता कोण विचारतो’ हे वाक्य निम्मेच खरे असते. कव्हरसाठी, म्हणजे गाणे नव्याने गाऊन काढण्यासाठी, कायद्याच्या कलम ३१सी मध्ये वाट आहे, पण तिथे मूळ कृतीत फेरफार चालत नाहीत. चार ओळी तोडून, फिरवून वापरायच्या तर थेट परवानगीच लागते. शिवाय कलम ५७ प्रमाणे कर्त्याला, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून गायकालाही, आपल्या कामाच्या विद्रूपीकरणाला हरकत घेता येते.

रस्त्यावर चित्रण करताना जोन्झची नक्कल करू नये. महाराष्ट्रात चित्रीकरणासाठी चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी आहे, आणि उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी.

काम सुरू होताच प्रत्येक तुकड्याची एक ओळ लिहून ठेवावी: रेकॉर्डचा क्रमांक, बाजू, सेकंद कुठून कुठपर्यंत, किती पट्टी चढवली, मास्टर कोणाकडे, रचना कोणाकडे, पत्र कधी गेले, उत्तर काय आले. पत्रासोबत तीस सेकंदांचा भाग जोडावा ज्यात तो तुकडा सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, आणि मूळ रेकॉर्डवरचा तोच भागही. लपवलेला तुकडा पाठवून मिळालेली परवानगी पुढे वादात टिकत नाही. आणि हे पत्र अंतिम मिक्सच्या आधी जायला हवे, म्हणजे नकार आला तरी गिटार दुसऱ्याकडून वाजवून घ्यायला सवड राहते.